शब्दचर्चा: 'सेल्फ-रिलायन्स' म्हणजे आत्मनिर्भरता का? एमर्सन-थोरो यांच्या शब्दांसाठी मराठी पर्याय

कोरांटी
एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी लेखक एमर्सन आणि थोरो यांच्या निबंधांतले निवडक उतारे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणायचे आहेत. काही शब्द पानोपानी येतात आणि त्यांचा मराठी शब्द चुकला की पुढचा अख्खा उतारा भलतीकडे जातो. ट्रान्सेंडेंटलिझम, सेल्फ-रिलायन्स, कॉन्शन्स, नॉनकन्फॉर्मिस्ट, सॉलिट्यूड आणि सिव्हिल डिसओबिडियन्स. सहज सुचणारे पर्याय असे: अतींद्रियवाद, आत्मनिर्भरता, सदसद्विवेकबुद्धी, बंडखोर, एकांतवास, सविनय कायदेभंग. यातले कोणते ठेवावेत, कोणते टाकावेत? कारणासकट सांगितलंत तर उपयोग होईल.

घाटवाट
'अतींद्रियवाद' आधी टाका. मराठीत अतींद्रिय म्हटलं की दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, पुढचं दिसणं असल्या शक्ती आठवतात. त्यांचा इथे संबंध नाही.

नाव कुठून आलं ते एमर्सनने स्वतः १८४२च्या 'द ट्रान्सेंडेंटलिस्ट' या व्याख्यानात सांगितलं आहे. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या परंपरेचं म्हणणं असं की बुद्धीत जे काही आहे ते आधी इंद्रियांच्या अनुभवातून आलेलं असतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्यावर उत्तर दिलं की काही मूलभूत आकार अनुभवातून येत नाहीत, उलट त्यांच्यामुळेच अनुभव शक्य होतो. त्यांना तो ट्रान्सेंडेंटल म्हणतो. अमेरिकेतल्या बॉस्टन-कॉन्कर्डच्या मंडळींनी, म्हणजे एमर्सन-थोरोंच्या गटाने, हा शब्द उचलला तो बराच सैल करून. मनाला काही सत्यं थेट कळतात, त्याला धर्मगुरू, ग्रंथ किंवा परंपरेची मध्यस्थी लागत नाही, एवढा अर्थ त्यांनी घेतला.

'अनुभवातीत' हा शब्द मोहात पाडतो, पण तो कांटच्या दुसऱ्या शब्दाचा, ट्रान्सेंडेंटचा, पर्याय आहे. त्याचा अर्थ अनुभवाच्या पलीकडचं. या दोन शब्दांची गल्लत इंग्रजी वाचकही करतात. आपण ती मराठीत पक्की करून ठेवू नये. माझं मत: चळवळीला आणि माणसांना 'ट्रान्सेंडेंटलिस्ट' हेच म्हणा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या आणि सोबत काळ सांगा. सप्टेंबर १८३६ मध्ये या लोकांच्या चर्चामंडळाची पहिली बैठक झाली, त्याच महिन्यात एमर्सनचं 'नेचर' निघालं. 'द डायल' हे त्यांचं त्रैमासिक १८४० ते १८४४ चाललं, आधी मार्गारेट फुलर संपादक, मग एमर्सन.

आता तुमच्या यादीत नसलेला, पण सगळ्यात जास्त घात करणारा शब्द: 'रीझन'. हात आपोआप 'तर्क' किंवा 'बुद्धी' लिहितो आणि वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. हे लेखक इंग्रज कवी कोलरिजच्या वाटेने गेलेले. त्यांच्याकडे 'रीझन' म्हणजे सत्य थेट पाहणारी शक्ती, आणि 'अंडरस्टँडिंग' म्हणजे मोजमाप, तुलना, हिशेब करणारी. म्हणून रीझन = प्रज्ञा, अंडरस्टँडिंग = तर्कबुद्धी. एमर्सन रीझनचा गौरव करतो म्हणजे तो बुद्धिवादी आहे, असं लिहिलेलं परीक्षेच्या पेपरात हमखास सापडतं, त्याचं मूळ या एका शब्दात आहे.

मोरपंखी
सेल्फ-रिलायन्सबद्दल. 'स्वावलंबन' म्हणजे आपलं काम आपण करणं, दुसऱ्याच्या जिवावर न जगणं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हटलं त्यात हाच अर्थ आहे. 'आत्मनिर्भर' तर २०२० पासून पुरता अर्थकारणाचा शब्द झाला. एमर्सनचा १८४१चा निबंध या दोन्हींबद्दल नाही. त्याचा प्रश्न प्रमाण कुणाचं मानायचं हा आहे. आपल्या मनात आलेला विचार आपला आहे म्हणूनच आपण तो झटकून टाकतो आणि उद्या तोच कुणी मोठ्याने सांगितला की मान डोलावतो, ही त्याची तक्रार.

मराठीत यासाठी नेमकी शब्दांची ओळ तयार आहे: शब्दप्रामाण्य, ग्रंथप्रामाण्य, बुद्धिप्रामाण्य. त्याच ओळीत 'आत्मप्रामाण्य' बसवा. एमर्सन १८३२ मध्ये बॉस्टनच्या सेकंड चर्चचं धर्मगुरूपद सोडून बाहेर पडला तो प्रभुभोजनाचा विधी आपल्याला पटत नाही म्हणून. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्याने भाषण केलं त्याचा रोख ग्रंथप्रामाण्य आणि चमत्कारप्रामाण्य यांवरच होता. तेव्हा आत्मप्रामाण्य हा शब्द त्या भांडणासकट मराठीत येतो. शीर्षकाला जड वाटला तर 'स्वतःवरचा विश्वास' चालेल, फक्त 'आत्मविश्वास' नको. तो मुलाखतीला जाताना लागणारा गुण झाला आहे.

पाटीपेन्सिल
आत्मप्रामाण्याला अनुमोदन. एक भर घालतो. या 'आत्म'मध्ये मी, माझी आवड, माझा स्वभाव एवढंच येत नाही. एमर्सन माणसाला स्वतःवर विसंबायला सांगतो, कारण त्या स्वतःच्या तळाशी सगळ्यांत एकच असलेलं काहीतरी आहे असं तो मानतो. त्याचाच पुढचा निबंध 'द ओव्हर-सोल', तोही १८४१चा. त्याला 'विश्वात्मा' म्हणा. 'परमात्मा' म्हटलं की भक्तीचं नातं येतं, 'ब्रह्म' म्हटलं की एमर्सन अद्वैती होऊन बसतो. गीतेचं विल्किन्सकृत इंग्रजी भाषांतर त्याच्या हाती आलं १८४५ मध्ये, म्हणजे हे निबंध छापून झाल्यावर. हा क्रम टिपेत द्याच.

म्हणूनच 'व्यक्तिवाद' हा शब्द सांभाळून वापरावा. नुसता व्यक्तिवाद वाचला तर वाचकाला ज्याचा तो स्वतंत्र आणि एकमेकांशी देणंघेणं नसलेला माणूस दिसतो. इंडिव्हिज्युअ‍ॅलिटीसाठी 'व्यक्तित्व' ठेवा. 'व्यक्तिमत्त्व' मात्र नको, त्याचे आता शिबिरांत विकासवर्ग भरतात.

कोरांटी
आणि कॉन्शन्स? 'सदसद्विवेकबुद्धी' बरोबर आहे, पण उताऱ्यात चार वेळा आला की वाक्य चालेनासं होतं.

पाटीपेन्सिल
शब्द लांब आहे म्हणून बदलू नका. तो बदलण्याचं कारण असेल तर दुसरंच आहे.

टिळकांनी गीतारहस्यात आधिदैवत पक्षाचं प्रकरण लिहिलं ते याच कल्पनेवर. मनात एक स्वतंत्र देवता बसलेली असून ती बरंवाईट तत्काळ सांगते, हे मत मांडून त्यांनी ते खोडलं आहे. त्यांचं म्हणणं असं की निवाडा करणारी बुद्धी एकच, ती शुद्ध असेल तर निवाडा शुद्ध. चोराचीही एक 'देवता' असते आणि ती त्याला टोचत नाही, मग तिचं प्रमाण कसं मानायचं, हा त्या वादातला अडचणीचा प्रश्न. शाकुंतलात दुष्यंत म्हणतो की संशयाच्या जागी अंतःकरणाची ओढ हेच प्रमाण, पण तिथे आधी 'सतां' हा शब्द आहे, म्हणजे सज्जनांच्या अंतःकरणाची. ही अट एमर्सन-थोरो घालत नाहीत. त्यांच्या लेखी कॉन्शन्स प्रत्येकापाशी आहे, माणूस ते गहाण टाकतो एवढंच. थोरो 'सिव्हिल डिसओबिडियन्स' या निबंधात विचारतो की नागरिकाने आपलं कॉन्शन्स कायदे करणाऱ्याच्या हवाली करायचं असेल तर मग ते प्रत्येकाला दिलंच कशाला?

म्हणून भेद असा करावा. जिथे युक्तिवाद आहे, व्याख्या आहे, तिथे 'सदसद्विवेकबुद्धी' किंवा नुसता 'विवेक'. जिथे आतून आलेला नकार आहे तिथे 'मनाची ग्वाही'. हा शब्द तुकोबांचा: "सत्य असत्याशीं मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥" ग्वाही म्हणजे साक्ष. दुसरा चरण तर थोरोच्या त्याच निबंधातल्या एका वाक्याशेजारी ठेवून वाचावा असा आहे. तो म्हणतो, शेजाऱ्यांपेक्षा जो अधिक बरोबर आहे तो एकटाच एका माणसाचं बहुमत असतो.

'अंतरात्म्याचा आवाज' टाळा. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीपासून तो पक्षादेश मोडण्याचा शब्द झाला आहे.

रानजाई
नॉनकन्फॉर्मिस्टला बंडखोर म्हणू नका. बंडखोर काहीतरी उलथायला निघालेला असतो. इंग्लंडात हा शब्द आधी प्रस्थापित चर्चच्या रीतीप्रमाणे न वागणाऱ्या पंथांसाठी होता. एमर्सनने तो तिथून उचलून प्रत्येक माणसाला लावला. 'चाकोरीबाहेरचा' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे आणि इथे तो अक्षरशः बसतो. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली खोल वाट. 'वॉल्डन' या तळ्याकाठी झोपडीत केलेल्या मुक्कामावरच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात थोरो लिहितो की झोपडीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता तोच दारापासून तळ्यापर्यंत पायवाट पडली, आणि जगाच्या हमरस्त्यांवर परंपरेच्या आणि अनुसरणाच्या चाकोऱ्या किती खोल असतील! मूळ शब्द 'रट्स' हाच आहे.

घाटवाट
चाकोरी फारच छान.

मोरपंखी
एकांतवासाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. 'वॉल्डन'ची मराठी ओळख लिहिताना वनवास, संन्यास, वानप्रस्थ, अरण्यवास हे शब्द येतात आणि थोरो बघता बघता ऋषी होतो. तो मुळात किती लांब गेला होता ते पाहा. कॉन्कर्ड गावापासून दीडेक मैल, जमीन एमर्सनच्या मालकीची, तळ्याच्या एका कडेने फिचबर्गची आगगाडी जाते. एकदोन दिवसाआड तो गावात चक्कर मारायचा. त्या छपराखाली एका वेळी पंचवीस-तीस माणसं जमल्याचं त्यानेच लिहिलं आहे. १ ऑगस्ट १८४६ रोजी कॉन्कर्डच्या गुलामगिरीविरोधी महिला संस्थेचा मेळावा भरला तो याच झोपडीपाशी. मुक्काम ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७.

संन्यासात परत येणं नसतं. हा माणूस परत आला आणि का परत आला तेही त्याने सांगितलं: जगायला आणखी काही आयुष्यं होती, त्या एकाला अधिक वेळ देता येत नव्हता.

तेव्हा 'सॉलिट्यूड' = एकांत, 'वास' जोडू नका. 'एकटेपणा' म्हणजे लोनलीनेस, तो वेगळा, थोरो दोन्हींत फरक करतो. तुकोबांच्या "येणें सुखें रुचे एकांताचा वास" या अभंगातला शेवट इथे उपयोगी पडतो: "तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥" एकांतात माणूस स्वतःशी वाद घालतो, हा अर्थ त्या शब्दात मराठीत आधीपासून आहे. फरक एवढाच सांगावा की तुकोबांच्या एकांतात हरिकथा आहे आणि थोरोच्या एकांतात वही, फूटपट्टी आणि बर्फाला भोकं पाडून घेतलेली तळ्याच्या खोलीची मापं.

दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणलं ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. काठ आणि विहार, वनवासाचं नाव नाही. त्याच दुर्गाबाई १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या.

कोरांटी
'सोसायटी'चंही असंच होतंय. एकाच पुस्तकात समाज, संस्था, संगत सगळे अर्थ दिसतात.

मोरपंखी
हो, प्रत्येक ठिकाणी पाहून ठरवावं लागेल. थोरोच्या तीन खुर्च्या: एक एकांताला, दोन मैत्रीला, तीन 'सोसायटी'ला. इथे 'समाजाला' लिहिलं तर वाक्य मेलं. 'तीन मंडळींना' म्हणा. चर्चचा कर नाकारताना त्याने गावच्या चिटणीसाला लिहून दिलं की मी ज्यात स्वतः सामील झालो नाही अशा कुठल्याही 'सोसायटी'चा सभासद मला समजू नये. इथे 'संस्था'. एमर्सन म्हणतो की सोसायटी ही भागभांडवलाची कंपनी आहे, भाकरीची हमी मिळावी म्हणून भागधारक आपलं स्वातंत्र्य सोडून देतात. इथे 'समाज'. आणि त्याच्या १८७०च्या संग्रहाचं नाव 'संगत आणि एकांत' असं झकास होतं.

रानजाई
'वॉल्डन'च्या पहिल्या प्रकरणाचं नाव 'इकॉनॉमी'. त्याला 'अर्थव्यवस्था' म्हणणं साफ चूक. हवा तो शब्द 'प्रपंच'. घर, अन्न, कपडा, जळण यांचा हिशेब म्हणजे प्रपंच, आणि समर्थांचं "आधीं प्रपंच करावा नेटका" या प्रकरणाच्या जागेशी जुळतं, कारण थोरोही आधी हिशेब देतो, मग तळं, मग एकांत.

तो हिशेब भाषांतरात नेहमी अडतो, म्हणून बाबवार देते. झोपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब, खांब ८ फुटी. फळ्या ८ डॉलर ३½ सेंट. यातल्या बऱ्याच फळ्या आगगाडीवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराचं खोपटं ४ डॉलर २५ सेंटला विकत घेऊन, मोडून मिळवलेल्या. छपराला आणि बाजूंना लावायच्या टाकाऊ दर्जाच्या लाकडी चपट्या ४ डॉलर. 'लाथ' १ डॉलर २५ सेंट: या भिंतीवर आडव्या ठोकायच्या अरुंद पट्ट्या, गिलावा त्यांच्या फटींत शिरून धरतो. त्यांना कामट्या म्हणू नये, कामटी बांबूची. काचेसकट दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट. हजार जुन्या विटा ४ डॉलर. चुन्याची दोन पिंपं २ डॉलर ४० सेंट. 'हेअर' ३१ सेंट. इथे भाषांतरकार बिचकतो. हे जनावरांचे केस, चुन्याच्या गिलाव्यात मिसळायचे, म्हणजे वाळताना तो तडकत नाही. आपल्याकडे त्यासाठी ताग घालत, तेव्हा 'गिलाव्यात घालायचे केस' असं पूर्ण लिहावं. खिळे ३ डॉलर ९० सेंट. चुलाण्याच्या तोंडावरची लोखंडी पट्टी १५, बिजागऱ्या-स्क्रू १४, कडी १०, खडू १ सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट. बेरीज २८ डॉलर १२½ सेंट. लाकडाचे वासे, दगड आणि वाळू जागेवरची, म्हणून त्यात नाहीत. अर्धा सेंट गाळू नका, बेरीज जुळत नाही.

शेजारी लगेच हे वाक्य हवं: केंब्रिजच्या महाविद्यालयात (म्हणजे हार्वर्डमध्ये) विद्यार्थ्याच्या खोलीचं नुसतं वर्षाचं भाडं तेव्हा ३० डॉलर होतं. ही तुलना गेली तर यादी कौतुकाची वस्तू होते. ती युक्तिवाद आहे: वर्षाकाठी सहाएक आठवडे काम केलं की खर्च भागतो, बाकीचं वर्ष आपलं. शेतीचाही हिशेब तसाच, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर ७२½ सेंट.

याच ओघात 'डेलिबरेटली'. तो रानात गेला ते 'डेलिबरेटली' जगायला. 'मुद्दाम' नको, त्यात कुणाला तरी डिवचण्याचा वास येतो. 'जाणतेपणी जगावं' म्हणा.

पाटीपेन्सिल
समाजापासून वेगळं होण्याचा दुसरा प्रकारही उताऱ्यांत येणार असेल, गटाने जाण्याचा. जॉर्ज रिप्लेचं ब्रूक फार्म (१८४१ ते १८४७) आणि अल्कॉट-लेन यांचं फ्रूटलँड्स. दोन्हींना 'आश्रम' म्हणतात, ते टाळा. आश्रम म्हटलं की गुरू आला. ब्रूक फार्मला ५०० डॉलरचा एक असे भाग होते, त्यांवर पाच टक्के व्याज ठरलेलं, म्हणून 'सहकारी वसाहत'. मार्च १८४६ मध्ये बांधत आणलेली मोठी इमारत जळाली, विमा नव्हता, तिथून ते सावरलं नाही. फ्रूटलँड्स जून १८४३ मध्ये सुरू झालं आणि जानेवारीत संपलं. जनावराचं दूध नको, लोकर नको, नांगराला बैल नको, गुलामांनी पिकवलेला कापूस नको. पेरणी उशिरा, आणि पीक तयार असताना पुरुष मंडळी विचारप्रसाराला बाहेर. एमर्सन ब्रूक फार्ममध्ये सामील झाला नाही, आणि 'आत्मप्रामाण्य' हा शब्द कळला की त्याचं कारणही कळतं.

घाटवाट
आता शेवटचा शब्द, वादाचा: 'सिव्हिल डिसओबिडियन्स'. १८४९ मध्ये एलिझाबेथ पीबॉडीच्या 'एस्थेटिक पेपर्स'मध्ये थोरोचा हा निबंध छापला तेव्हा शीर्षक होतं 'रेझिस्टन्स टू सिव्हिल गव्हर्न्मेंट'. 'सिव्हिल डिसओबिडियन्स' हे नाव १८६६च्या संग्रहात आलं. थोरो १८६२ मध्ये वारला होता. मजकुरात तो शब्दप्रयोग येतच नाही. मूळ शीर्षकातलं 'सिव्हिल' म्हणजे नागरी. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ पेलीच्या ग्रंथात नागरी शासनापुढे नमण्याच्या कर्तव्यावर प्रकरण आहे, त्याला हा जबाब. तिथे विनयाचा विषय नाही. म्हणून मूळ शीर्षक 'नागरी शासनाचा प्रतिकार', नंतरचं 'नागरी अवज्ञा'.

रानजाई
पण वाचक 'सविनय कायदेभंग' म्हणूनच ओळखतो. ओळखीचा शब्द काढून काय मिळवायचं?

घाटवाट
१९३०ची चळवळ त्या शब्दात आहे, मीठ, विनय, शिस्त, सामुदायिक निश्चय सगळं. थोरो एकटा होता आणि त्याने विनयाची अट कुठे घातलेली नाही. १८५९ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनची जाहीर बाजू घेतली, ती 'सविनय' शब्दात बसवता येत नाही. गांधींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या 'इंडियन ओपिनियन' साप्ताहिकात या निबंधातले भाग छापले, पण १९३५च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की दक्षिण आफ्रिकेतला प्रतिकार निबंध हाती येण्याआधीच बराच पुढे गेला होता. 'सविनय' हा गांधींनी त्या 'सिव्हिल'मध्ये घातलेला अर्थ आहे, आणि तो त्यांच्या नावावर राहू द्यावा. टिपेत दोन्ही द्या.

उताऱ्यात आणखी तीन खड्डे आहेत. 'पोल टॅक्स' म्हणजे मतदान कर नव्हे. पोल म्हणजे डोकं, मराठीत 'डोईपट्टी' हा जुना शब्द तयार आहे. दुसरं, 'कर बुडवला' लिहू नका, 'नाकारला' लिहा. रस्त्याचा कर तो नियमाने भरत होता आणि तसं निबंधात सांगतोही. तिसरं, डोईपट्टी न भरल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि त्याने ती अमेरिकेच्या मेक्सिकोशी झालेल्या युद्धामुळे नाकारली असं सरसकट लिहितात. युद्ध मे १८४६ मध्ये सुरू झालं, अटक जुलैत, आणि डोईपट्टी त्याच्याच शब्दांत सहा वर्षं भरलेली नव्हती. मूळ कारण गुलामगिरी, युद्ध नंतर येऊन मिळालं.

'आधी माणूस, मग प्रजा' या वाक्यात 'नागरिक' करू नका. प्रजासत्ताकात राहून तो 'सब्जेक्ट' हा राजेशाहीतला शब्द वापरतो, तो मुद्दाम.

कोरांटी
फार उपयोग झाला. आत्मप्रामाण्य, मनाची ग्वाही, चाकोरीबाहेरचा, एकांत, प्रपंच, डोईपट्टी हे घेते. 'नागरी अवज्ञा' शीर्षकात आणि 'सविनय कायदेभंग' टिपेत. नावांचं लेखन काय ठेवू? थोरो की थॉरो, इमर्सन की एमर्सन?

पाटीपेन्सिल
मराठीत 'थोरो' रुळलं आहे, तेच ठेवा. त्याच्या घरचे पहिल्या अक्षरावर जोर देत, इंग्रजी 'थरो'च्या जवळ जाईल असं, ते एकदा टिपेत सांगा. एमर्सन-इमर्सन दोन्ही छापलेले दिसतात, कोणतंही एक पुस्तकभर सारखं ठेवा. गावाचं नाव तिथले लोक 'काँकर्ड' म्हणतात, दुसरं अक्षर 'कॉर्ड' नाही. विमान आणि द्राक्षं त्याच नावाची असल्यामुळे मराठीत 'कॉन्कॉर्ड' होऊन जातं, मुद्रितशोधनात तेवढं पाहा.